सुटलेलं शिक्षण परत सुरू करताय? रेग्युलर, सतरा नंबर की एनआयओएस (ट्रान्स मुलामुलींसाठी)

मी ट्रान्स मुलगा. अकरावी अर्ध्यात सोडली आणि परत पुस्तक हातात घेतलं तेव्हा चोवीसचा होतो. बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, दिली. माझ्या ओळखीतली एक ताई डेऱ्यात (गुरूच्या घरी, आपल्या लोकांत) राहून एनआयओएस या ओपन बोर्डातून दहावी करतेय, आणि एक मित्र सरळ रेग्युलर कॉलेजात जाऊन बसला. म्हणजे तिन्ही रस्ते बऱ्यापैकी जवळून बघितलेत.

सगळे पहिला प्रश्न विचारतात, त्रास कुठे कमी होईल? माझं म्हणणं असं की आधी हे बघा, तुमची दहावी झालीये की नाही. कारण दहावीच्या सर्टिफिकेटवर जे नाव छापलं जातं ते पुढे सगळीकडे तुमच्या मागे फिरतं, बारावीला, डिग्रीला, नोकरीला. माझी दहावी जुन्या नावावर झालेली, त्यामुळे बारावीचा फॉर्मही त्याच नावावर गेला, दुसरा इलाजच नव्हता. पण ज्यांची दहावी व्हायचीये त्यांच्या हातात आधीच नाव बदलून घ्यायचा एक चान्स आहे जो आम्हाला नव्हता, तो घाईघाईत फॉर्म भरून घालवू नका.

रेग्युलर. हजेरी रोज, म्हणजे जुनं नाव रोज, साठ पोरांसमोर. माझ्या मित्राने पहिल्याच दिवशी क्लास टीचरना गाठून सांगितलं की सर, मला नुसतं आडनावाने हाक मारा, आणि सरांनी खरंच वर्षभर तसंच केलं. असा एक माणूस भेटला तर रेग्युलरसारखं काही नाही, कारण तिथे मित्र मिळतात, नोट्स मिळतात, लॅब मिळते. सायन्स घ्यायचं असेल तर मी डोळे झाकून रेग्युलर सांगेन. नाही भेटला तर मात्र अवघड आहे. आणि टॉयलेटचं आधीच विचारून ठेवा बाबांनो. माझा मित्र सहा तास पाण्याचा घोटही न घेता बसायचा, बाटली बॅगेत भरलेली तशीच घरी यायची. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यात लिहिलंय की सरकारमान्य शिक्षणसंस्थेने भेदभाव करायचा नाही, ॲडमिशनच्या वेळी त्याचा प्रिंटआउट फाइलमध्ये ठेवला तर समोरच्याचा सूर जरा बदलतो, एवढा उपयोग नक्की होतो.

सतरा नंबर. स्टेट बोर्डच, तेच पेपर, तीच मार्कशीट, फक्त रोज जायचं नाही. नाव घेतलं जातं ते फॉर्म भरताना, प्रॅक्टिकल-ओरलला आणि परीक्षेला, बस्स. पण मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि घरातून नेसत्या कपड्यानिशी बाहेर पडलेल्या माणसाकडे तो कुठून असणार? डुप्लिकेट काढायला जुन्या शाळेच्या ऑफिसात जावं लागतं. मी गेलो होतो. क्लार्कने रजिस्टर उघडलं, नावावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला "बहिणीचा दाखला न्यायला आलायस का?" मी हो म्हणालो. मग म्हणे तिलाच पाठव. शेवटी दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो तेव्हा मिळाला.

परीक्षेच्या हॉलमध्ये पण तेच, सुपरवायझर हॉल तिकिटावरचा फोटो बघतात, मला बघतात, परत फोटो. पहिल्या पेपरला दहा मिनिटं त्यातच गेली. दुसऱ्या पेपरपासून अर्धा तास आधी जाऊन केंद्रसंचालकांनाच भेटायला लागलो आणि मग कोणी विचारलं नाही. फोटो मात्र आत्ताच्या चेहऱ्याचा द्या, जुना देऊन वेळ मारून नेऊ नका.

एनआयओएस. हे केंद्र सरकारचं ओपन बोर्ड. दहावीला किमान वय १४, वरची मर्यादा नाही, आणि जुन्या शाळेचे कागद नसतील तर मी दहावीचा अभ्यास करू शकतो असं स्वतःच लिहून दिलं तरी प्रवेश होतो. डेऱ्यातल्यांसाठी, घर तुटलेल्यांसाठी हा सगळ्यात मोठा फायदा, मला वाटतं यासाठीच हा रस्ता आहे. जन्मतारखेचा पुरावा आणि ओळखपत्र लागतंच, दोन्हीवर नाव एकच असू दे नाहीतर तिथेच अडकतं. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं आणि नऊ संधी, एक-एक विषय काढत गेलं तरी चालतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

तोटा? एकटेपणा. कोणी विचारत नाही अभ्यास झाला का. ताईची पुस्तकं पहिलं वर्षभर प्लास्टिक न फाडता पडून होती. पाच वर्षं आहेत म्हटल्यावर आज करू उद्या करू होतंच, तुम्ही स्वतःला ओळखता तर याचा विचार करा. आणि पुढे बारावीला मराठी माध्यम मिळेल असं धरून चालू नका, आधी विचारा.

आता कागदांचं, कारण दहावी व्हायची असेल तर हेच आधी. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ट्रान्सजेंडर सर्टिफिकेट, त्याचा अर्ज ट्रान्सजेंडर लोकांसाठीच्या नॅशनल पोर्टलवर ऑनलाइन होतो. त्याच्या आधारावर पहिलं नाव बदलण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला. मग सरकारी गॅझेटमध्ये नावबदल छापून घ्यायचा, मग आधार. नियम बदलत असतात त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर काय लिहिलंय तेच खरं धरा, मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते नाही. सर्टिफिकेट असेल तर नववीपासून पुढे केंद्राच्या स्माइल योजनेत स्कॉलरशिपची पण सोय ठेवलीये. यात सहा महिने गेले तरी जाऊ देत, असं माझं मत. दहावी झालेली असेल तर मात्र कागदांसाठी थांबू नका, जुन्या नावावर बारावी काढा, मार्कशीट नंतर दुरुस्त करायच्या मागे लागा. मी थांबलो होतो आणि दोन वर्षं फुकट घालवली.

अजून एक, पुढे डिग्रीला जायचं असेल तर इग्नू या ओपन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांची फी माफ केलीये, ॲडमिशनच्या वेळी विचारा, स्वतःहून कोणी सांगत नाही.

ताईचे चार विषय निघालेत. मागच्या पेपरला सेंटरवरच्या मॅडमनी नाव वाचलं, वर बघितलं, म्हणाल्या "बसा ताई". ते सांगताना ती अजून हसते. नाव आधी गॅझेटमध्ये बदलून मगच फॉर्म भरला होता तिने. आता गणित राहिलंय, ऑक्टोबरला बसतेय.