जर्मन सुपरमार्केटमधली अडीच ते पाच युरोची व्हाइट वाइन: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. एवढ्या पैशांत भरवशाची निघाली ती एक लिटरच्या साध्या बाटलीतली ट्रोकन, म्हणजे कोरडी (गोड नसलेली), रीझलिंग किंवा सिल्वानर. ही दोन्ही द्राक्षांची नावं. वाइन राइनहेसेन किंवा फाल्झ या जर्मन वाइन-प्रदेशांतली. सर्वांत जास्त निराशा केली ती जुन्या वळणाच्या अक्षरांत गावाचं नाव मिरवणाऱ्या बाटल्यांनी.

या नावांमागे 1971 चा वाइन कायदा आहे. त्यात अनेक गावांचे मळे एकत्र करून मोठे पट्टे आखले आणि त्यांना एकेका नामांकित गावाचं नाव वापरायची मुभा दिली. लेबलवर पीस्पोर्टर मिशेल्सबर्ग वाचून पीस्पोर्टच्या उभ्या उतारावरची रीझलिंग डोळ्यांसमोर येते. बाटलीत बहुधा सपाट जमिनीतली म्युलर-तुर्गाऊ या दुसऱ्याच द्राक्षाची वाइन असते. नीरश्टायनर गूटेस डोमटालचे बहुतेक मळे तर नीरश्टाइनच्या हद्दीबाहेरच आहेत. लेबलवर द्राक्षाचं नाव नसेल तर रीझलिंग नाही असंच धरून चालावं.

आधी अल्कोहोलचा आकडा बघा. 9 ते 10 टक्के म्हणजे बहुतेक वेळा गोड, 12 च्या आसपास म्हणजे कोरडी. आंबटपणा पुरेसा असेल तर ट्रोकनमध्येही लिटरला 9 ग्रॅमपर्यंत साखर चालते, हाल्बट्रोकनमध्ये, म्हणजे अर्धकोरडीत, 18 पर्यंत. लेबलवरच्या 'फाइनहेर्ब' (किंचित गोड) या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही, त्यामुळे तिथे नशीब. लीबफ्राउमिल्ख या गोडसर जर्मन वाइनमध्ये किमान 18 ग्रॅम हवीच. लिटरला 30 ग्रॅमवाली पाऊण लिटरची बाटली संपली की साडेपाच चहाचे चमचे साखर पोटात गेली.

गोड असणं हा दोष नाही. गोडवा आणि आंबटपणा वेगवेगळे लागले तर मात्र वाइन फसली. स्वस्त वाइनमध्ये बाटलीत भरण्याआधी न आंबवलेला द्राक्षरस मिसळून गोडी आणायची पद्धत आहे. मूळ वाइन पातळ असेल तर घोट गिळल्यावर नुसता रस जिभेवर उरतो.

पारख करायची तर फ्रिजमधून काढल्या काढल्या नको. 4–5 अंशांना वास दबतो आणि दोषही झाकले जातात (म्हणूनच 'गारेगार प्या' असा सल्ला मिळतो). 10 अंशांना एक घोट, 14 ला दुसरा. कोरडीपासून सुरुवात करून गोडीकडे जा, उलटं केलंत तर चांगली कोरडी वाइनही लिंबाच्या पाण्यासारखी लागेल. जळलेल्या काडीचा वास आला तर तो गंधकाचा. ग्लास हलवून 15–20 मिनिटं ठेवला की बराचसा जातो. उकडलेल्या कोबीचा वास आला आणि बाटली रंगहीन काचेची असेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटने घात केलेला असू शकतो. तो जात नाही. शेल्फवरची पुढची बाटली घेऊ नका, मागची घ्या.

ताजेपणा ओळखायला लेबलवरचा 'ए. पी.' क्रमांक, म्हणजे सरकारी तपासणीचा क्रमांक, कामाचा. शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या तपासणीचं वर्ष. द्राक्षांचा हंगाम छापलेला नसेल तेव्हा हाच आधार. म्युलर-तुर्गाऊ दोन वर्षांपूर्वी तपासलेली असेल तर सोडून द्या, तिचा फुलांचा वास तोवर उडालेला असतो. रीझलिंग थोडी जास्त टिकते.

जेवणाबरोबर: तळलेल्या माशाला कोरडी सिल्वानर. झणझणीत रश्शाला मात्र हाल्बट्रोकनच, कारण जास्त अल्कोहोल तिखट आणखी भडकवतं आणि थोडी साखर ते आवरते. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन दिवस ठीक राहते, चौथ्या दिवशी स्वयंपाकात वापरा.