लेहरा धरणाऱ्याच्या कानाने ऐकलेला ‘प्रॉमिसेस’

तबल्याच्या सोलोला मी पेटीवर लेहरा धरतो, म्हणजे तबलजीला तालाचा आधार म्हणून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतो. कार्यक्रम संपला की लोक तबलजीभोवती जमतात, आणि ते बरोबरच आहे. पण एकच ओळ पाऊण तास वाजवत राहायची, ती मरगळू द्यायची नाही आणि नटवायचीही नाही, हे काम किती अवघड असतं ते धरणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून फ्लोटिंग पॉइंट्स यांच्या ‘प्रॉमिसेस’ या अल्बमबद्दल मला फार मनापासून लिहावंसं वाटतं.

फ्लोटिंग पॉइंट्स हे इंग्लंडचे संगीतकार सॅम शेफर्ड यांनी घेतलेलं नाव. क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक संगीत हे त्यांचं मूळ क्षेत्र, शिवाय न्यूरोसायन्समध्ये पीएचडी. मार्च २०२१ मध्ये आलेल्या या अल्बममध्ये त्यांच्यासोबत जॅझमधले थोर सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आहेत आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं. नऊ भागांची, साधारण ४६ मिनिटांची ही एकच सलग रचना.

सुरुवातीलाच सात स्वरांचा एक छोटा तुकडा येतो. हार्पसिकॉर्ड, सेलेस्टा, पियानो आणि सिंथ (इलेक्ट्रॉनिक नाद तयार करणारं वाद्य) यांचे रंग त्यात असे मिसळलेत की कुठला स्वर कशातून आला ते पटकन कळत नाही. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, सेलेस्टात धातूच्या पट्ट्यांवर हातोड्या पडतात. दोन्हींचा नाद लगेच विरायला लागतो. पेटीसारखा भाता मारून तो लांबवता येत नाही. तुकडा संपतो, थोडी मोकळी जागा राहते, पुन्हा तोच तुकडा. ठेका नाही, ड्रम नाहीत. जवळजवळ शेवटपर्यंत हेच चालतं आणि तरी ते दर वेळी ताजं वाटतं, कारण शेफर्ड त्याच्या आसपासची हवा बदलत राहतात. कधी सिंथची एक बारीक रेघ येते, कधी खालून मंद्रातला एखादा स्वर उमटतो. तुकड्याला मात्र धक्का नाही. एवढी यंत्रं हाताशी असताना इतका संयम मी फार थोड्या लोकांत पाहिलाय.

या आधारावर सँडर्स काय वाजवतात! साठच्या दशकात जॅझचे दिग्गज सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्याबरोबर वाजवताना त्यांचा सॅक्सोफोन अंगावर यायचा. इथे ऐंशीच्या उंबरठ्यावर ते एकेक स्वर ठेवतात, थांबतात, श्वास घेतात. आलापात मुरलेल्या माणसाला ही चाल ओळखीची वाटेल. जॉन यांच्या पत्नी, पियानो आणि हार्प वाजवणाऱ्या ॲलिस कोल्ट्रेन यांच्या १९७१ साली आलेल्या एका अल्बममध्ये सँडर्स यांनी तंबोऱ्याच्या सोबतीने वाजवलं आहे, त्यामुळे अखंड आधारस्वरावर रेंगाळणं त्यांना नवं नव्हतं. चौथ्या भागात ते सॅक्सोफोन बाजूला ठेवून तोंडानेच काही अर्थहीन अक्षरं गुणगुणतात. मला सगळ्या अल्बममध्ये ही जागा सर्वांत प्रिय आहे.

सहाव्या भागाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तिथे व्हायोलिन, चेलो वगैरे मंडळी चढत चढत इतकी मोठी होतात की सात स्वरांचा तुकडा त्यात बुडतो. अनेकांना तोच कळस वाटतो. मला तिथे आधार सुटल्यासारखं वाटतं, समेची खूण हरवावी तसं. सातव्या भागात सँडर्स यांचा जुना आवेश क्षणभर परत येतो, सिंथही त्यांच्याभोवती उसळतात, तेव्हा पुन्हा जीव भांड्यात पडतो. शेवटच्या भागात फक्त तंतुवाद्यं आहेत. आधीची लांब शांतता ऐकून अल्बम संपला समजून बंद करू नका.

सँडर्स सप्टेंबर २०२२ मध्ये गेले. त्यांच्या उत्तरायुष्यातलं हे वादन इतक्या जवळून ध्वनिमुद्रित झालंय की हेडफोनवर सॅक्सोफोनच्या तोंडाशी असलेल्या पट्टीवरचा, म्हणजे रीडवरचा, श्वाससुद्धा ऐकू येतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकू येणार नाही, मंद्रातलं तर काहीच नाही. शफल बंद ठेवा. फुकटच्या ॲपवर दोन भागांच्या मध्ये जाहिरात घुसली तर सगळा परिणाम जातो, त्यापेक्षा अल्बम विकत घ्या. रेकॉर्ड महाग वाटली तर डिजिटल फाइलही पुरते.

तबला शिकणाऱ्या मुलांना हल्ली लेहरा ॲपवर मिळतो. त्यांना आणि पेटीवर साथ शिकणाऱ्यांना मी हा अल्बम आवर्जून ऐकायला लावतो. पहिल्यांदा कान सॅक्सोफोनकडे जाणारच, जाऊ द्यावा. दुसऱ्यांदा मात्र फक्त त्या सात स्वरांच्या मागे राहून ऐका.