गिरगावातले मोडी वाचणारे काका: आधी कागद, मग घरची गोष्ट

घरात मोडी कागद असतील आणि त्यातून मागच्या पिढ्यांचा माग काढायचा असेल, तर निम्मं काम कागद कोणाकडे वाचायला देता यावर अवलंबून असतं. मी ज्यांच्याकडून वाचून घेतले ते गिरगावात चाळीत राहणारे निवृत्त गृहस्थ आहेत. पाटी नाही, जाहिरात नाही. नाव आणि फोन कुठे लिहू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून इथे नुसतं ‘काका’. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मला विचारावं, मी काकांना विचारून कळवीन.

आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. पणजोबा सोनू गिरणीत लागले, लालबागला राहिले. तिथून पुढचं सगळं माहीत आहे: खोली, खाणावळ, आजोबांची साचाखात्यातली नोकरी, १९८२चा संप आणि त्यानंतरची वाताहत. मागचं मात्र एकाच वाक्यात संपायचं. सोनूचा बाप धोंडू, त्याने पोराला बोटीने मुंबईला आणलं आणि प्लेगात तो इथेच गेला. प्लेग मुंबईत आला १८९६मध्ये, पहिले रुग्ण मांडवीत सापडले. सोनू तेव्हा पंधरा-सोळाचा असणार. हिशेब जुळत होता, त्यामुळे घरात कुणाला कधी शंका आली नाही.

कोकणातली घराणी शोधताना एक मोठी अडचण असते. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोती. सरकारात सारा भरायचा खोत, आणि कूळ, म्हणजे जमीन कसणारा, देणं द्यायचा ते खोताला. खोती १९४९च्या कायद्याने गेली, तोवर हेच चाललं. त्यामुळे देशावरच्या शेतकऱ्याचं नाव सरकारी दप्तरात जितक्या सहज हाती लागतं तितकं आमच्या लोकांचं लागत नाही. बोटखत ही जुनी नोंदवही बघावी लागते, कारण खोती गावात कुळांची नावं त्यात असतात. १९०३च्या कायद्याने हक्कनोंदी सुरू झाल्या, त्यांच्यानंतरचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, बघायचे. कोतवाल बुक बघायचं, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. हे सगळं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतं. बरेच जण मुंबईतच काम होईल या आशेने काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जातात. तो खजिना अफाट आहे, पण तिथे मुख्यतः सरकारी पत्रव्यवहार आणि दप्तरं. वाडीतल्या एका कुळाच्या बापाचं नाव हवं असेल तर तालुक्यालाच जावं लागतं.

आणि या जुन्या कागदांत आडनाव क्वचितच असतं. नाव, बापाचं नाव, जात, गाव, फार तर वाडी. सोनू बिन अमुक, म्हणजे अमुकचा मुलगा सोनू, एवढ्यावर माणूस ओळखायचा. त्या अमुकच्या जागी चुकीचं नाव वाचलं गेलं, तर तिथून वर चढणारी सगळी वंशावळ दुसऱ्याच घरात जाते. ‘ध’चा ‘मा’ झाला की काय होतं हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं.

माझ्याकडे तीन कागदांच्या नकला होत्या. एका जुन्या फेरफाराची, बोटखताच्या एका पानाची आणि कोतवाल बुकातल्या काही पानांची. काकांच्या आधी मी त्या दुसऱ्या एका ठिकाणी दिल्या होत्या. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्या लाटेत अशा पुष्कळ सेवा निघाल्या, त्यातलीच ती एक. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि एक फॉर्म भरायचा. फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न: ‘आपल्या पूर्वजांची माहीत असलेली नावे लिहा.’ मी सोनू आणि धोंडू लिहिलं. काम झटपट आलं. छापील लिप्यंतर आणि सोबत रंगीत वंशवृक्ष, पानाफुलांच्या नक्षीचा. सोनू बिन धोंडू, धोंडू बिन राघू. कुठे अडखळणं नाही, कुठे प्रश्नचिन्ह नाही. आत्याने तो वृक्ष फ्रेम करून घेतला.

मला खटकलं ते एवढंच, की फेरफाराच्या नकलेत बरोब्बर बापाच्या नावावर भोक आहे. मूळ कागद कसरीने खाल्लाय, झेरॉक्समध्ये तिथे काळा ठिपका उमटलाय. छापील लिप्यंतरात त्या भोकाचा मागमूस नव्हता. मी फोन करून विचारलं, तर उत्तर आलं, ‘मॅडम, नाव तेच आहे, तुम्हीच तर दिलंय.’ पैसे परत मागितले नाहीत, पण त्या उत्तराचा राग अजून जात नाही. लोक आपले पूर्वज मोठ्या विश्वासाने यांच्या हाती देतात.

काकांकडे गेले तेव्हा सवयीने सुरुवात केली, ‘हे आमचे पणजोबा…’ त्यांनी हात वर केला. ‘ताई, थांबा. नाव आत्ता नको. एकदा कानावर पडलं की मला तेच दिसायला लागेल. आधी कागद द्या, गोष्ट मागाहून सांगा.’ नंतर जे काही मिळालं ते या एका वाक्यामुळे मिळालं असं मी मानते.

त्यांची पद्धत जवळ बसून बघितली. खिडकीशी टेबल, हातभिंग, पेन्सिल आणि कोरे फूलस्केप. कागदावर खूण करत नाहीत, झेरॉक्स असली तरी. आधी ओळी मोजतात आणि कोऱ्या कागदावर तितकेच आकडे घालतात, म्हणजे मूळ कागदाची पाचवी ओळ लिप्यंतरातही पाचवीच राहते. मग नावांना हात न लावता ठरलेले शब्द शोधतात: मौजे, तालुके, सदरहू, मजकूर, सन. हे शब्द प्रत्येक कागदात असतातच. त्यांवरून त्या कारकुनाचा ‘म’ कसा, ‘ज’ कसा, ‘र’ जोडताना तो कुठे वळतो, याची एका बाजूला अक्षरांची जंत्री करतात. प्रत्येक लिहिणाऱ्याची वेगळी जंत्री. ती झाली की मग नावं, आणि नावातलं प्रत्येक अक्षर जंत्रीशी ताडून.

हे का करावं लागतं ते मोडी थोडीफार शिकलेल्याला लगेच कळेल. आधी पानभर रेघ ओढायची आणि अक्षरं त्या रेघेखाली हात न उचलता लिहीत जायची. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अनुस्वार बहुधा देतच नाहीत. त्यामुळे धोंडू, पांडू, खंडू, बंडू ही नावं लिहिताना फरक राहतो तो फक्त पहिल्या अक्षराचा, आणि आमच्या कागदात नेमकं तेच कसरीने खाल्लेलं.

काकांनी लिहिलं: ‘सोनू बिन [ ]डू’. खाली टीप: ‘कसर. एक अक्षर. काना-मात्रेचा अंश दिसत नाही. नाव सांगता येत नाही.’

त्यानंतर बोटखताचं पान घेतलं. ते स्वच्छ आहे, हात चांगला आहे, काकांनी जवळजवळ सरळच वाचलं. आणि तिथे एकाच खात्यावर दोन नावं निघाली: पांडू बिन राघू आणि धोंडू बिन राघू. दोघे भाऊ. आधीच्या सेवेने यातला पांडू वगळूनच टाकला होता, कारण फॉर्ममध्ये तो नव्हता. एक अख्खा माणूस! त्याचं नाव कागदावर ठळक आहे, त्याच्या वाटणीची जमीन लिहिलेली आहे, आणि तो आमच्या वंशावळीतून गायब.

कोतवाल बुकात आणखी गुंतागुंत झाली. जन्माच्या पानावर सोनूच्या जन्माच्या सुमारास आमच्या वाडीत एक मुलगा झाल्याची नोंद आहे, बाप पांडू बिन राघू. मुलाचं नाव नाही. जुन्या जन्मनोंदींत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, मुलगा की मुलगी एवढंच असतं. पुढच्या काही वर्षांतल्या पानावर पांडूच्याच मृत्यूची नोंद, कारण ‘ताप’. धोंडूच्या नावावर आमच्याकडच्या पानांत मूल कुठेच नाही.

आता मी काकांना घरची गोष्ट सांगितली. ऐकून ते म्हणाले, ‘चुलत्याने मुंबईला आणलं असेल, पोरक्या पुतण्याला. शक्य आहे. पण या जन्मनोंदीपुढे मी सोनू लिहिणार नाही. कागदात नाही.’ आधीच्या सेवेने तिथे ‘सोनू’ छापलं होतं आणि बाप म्हणून धोंडू!

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. तिला अजून पटलेलं नाही, आणि तिच्यावर मी काही लादणार नाही. मला मात्र पांडू खरा वाटतो. बाप लहानपणीच गेला, चुलत्याने वाढवलं, बोटीत बसवून मुंबईला आणलं, गिरणीत चिकटवलं. घरात ज्याचं नाव राहिलं तो वाढवणारा, जन्म देणाऱ्याचं विसरलं गेलं. धोंडूने जे केलं त्यापुढे ते नाव राहिलं हे योग्यच झालं. पण पांडूही आमचाच आहे, निदान असण्याची दाट शक्यता आहे. शंभराहून जास्त वर्षांनी त्याचं नाव आमच्या घरात उच्चारलं गेलं याचा मला मनापासून आनंद आहे.

आता व्यवहाराचं. लिप्यंतराचे पानाला ३०० रुपये, अर्थ आणि टिपांसह ४५०. अजिबात वाचता न आलेल्या पानाचे पैसे घेत नाहीत. तीन आठवडे सांगतात, त्याला एखादा आठवडा जास्तच धरा. मोबाइलवरचे फोटो घेत नाहीत, कारण तिरक्या फोटोत अक्षराची उंची बदलते. सपाट स्कॅनची मूळ आकारातली छापील प्रत किंवा चांगली झेरॉक्स लागते. मूळ कागद असेल तर लॅमिनेशन करून मुळीच नेऊ नका, त्यांना खरंच वाईट वाटतं, आणि कागदाचं तर कायमचं नुकसान होतं. काम हाताने लिहून मिळतं, अक्षर सुंदर आहे, पण टाइप करून हवं असेल तर ते आपलं आपण करायचं.

वंशवृक्ष करून देत नाहीत. जात पडताळणीसाठी कागद हवा असेल तर त्यांच्याकडे जाऊ नका. तिथे अधिकृत लिप्यंतरकाराचं सहीशिक्क्याचं लिप्यंतर मागतात, आणि काका ते काम घेत नाहीत. पेशवेकालीन कागद घेतात, पण त्यांचा जास्त हात बसलाय तो इंग्रजी अमदानीतल्या मोडीवर. जुन्या कागदांवर अरबी सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा असतो. फसली हा दुसरा जुना सन असेल तर ५९० किंवा ५९१. ही गणितं ते टिपेत करून देतात आणि दोन्हींपैकी कोणतं का धरलं हेही लिहितात.

मला उणीव एकच वाटली. ते तारखेवार हिशेब ठेवत नाहीत, त्यामुळे आपलं काम कुठवर आलं हे फोन करूनच विचारावं लागतं, आणि फोन ते दुपारी चारनंतरच उचलतात. माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईला ते अवघड जातं.

ज्यांना जमेल त्यांनी निदान मोडीची मुळाक्षरं स्वतः शिकून घ्यावीत असं मी आवर्जून सांगेन. राज्याचं पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं, शिवाय खासगी वर्गही असतात. पूर्ण कागद वाचता यायला वर्षं लागतात, पण आपल्या माणसाचं नाव कुठे आहे आणि भोक कुठे आहे एवढं ओळखायला मुळाक्षरं पुरतात. दुसऱ्याने केलेलं काम तपासायला तेवढं यायलाच हवं.

आमच्या बाबतीत दोन गोष्टी राहिल्यात. धोंडूच्या मृत्यूची नोंद मुंबईत शोधायची आहे. आणि नाशिकला पंचवटीत आमच्या गावाची नामावळ ज्या तीर्थोपाध्यायांकडे आहे त्यांच्या वहीत बघायचं आहे. तिथे यात्रेकरू आपल्या बापाचं, आज्याचं, भावांचं नाव सांगून लिहवून घेतो, म्हणजे सोनू कधी गेला असेल तर बापाचं नाव त्याच्याच तोंडचं मिळेल. काकांनी बजावलंय की वहीतल्या पानाची प्रत काढायला गुरुजींनी परवानगी दिली तर ती आधीच्या आणि नंतरच्या पानासकट काढायची, कारण जंत्री करायला एका नोंदीतली अक्षरं कमी पडतात.