छिद्रांच्या गर्डरवरचा मजला: दोन हंगामांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमच्या गोदामावर सोयाबीन आणि तुरीची पोती ठेवण्यासाठी मजला चढवताना, खाली ट्रॅक्टर-ट्रॉली वळली पाहिजे म्हणून मधे खांब नको, एवढीच आमची अट होती. २० फुटांच्या त्या गाळ्यासाठी (गर्डरच्या दोन टोकांच्या टेकूंमधल्या अंतरासाठी) अभियंत्यांनी २०० मिलिमीटर उंचीच्या आय-गर्डरपासून कॅस्टेलेटेड गर्डर करून घेण्यास सांगितले. यात गर्डरची मधली उभी पट्टी नागमोडी कापतात, दोन्ही भाग सरकवून दाताला दात जुळवून वेल्ड करतात. मधे षटकोनी छिद्रे पडतात आणि तेवढ्याच वजनात उंची दीडपट, म्हणजे ३०० मिलिमीटर होते.

दुकानदाराचा आग्रह मात्र जास्त ताकदीच्या पोलादासाठी होता. त्याने आमचा प्रश्न सुटला नसता, कारण लांब गाळ्यात गर्डर तुटण्याआधी लचकतो आणि साध्या काय किंवा उच्च प्रतीच्या काय, पोलादाचा लवचिकतेचा गुणांक, म्हणजे वाकण्याला विरोध करणारा ताठपणा, सुमारे २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकाच राहतो. लचक कमी होते ती उंची वाढवल्याने. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे तडे जाऊ शकतील अशा फरशीखाली लचक गाळ्याच्या ३६०व्या भागापर्यंत चालते. आमच्याकडे ती मर्यादा सुमारे १७ मिलिमीटर येते. मजला भरल्यावर दोरी ताणून पाहिले, तर फरक ५ मिलिमीटरच्या आतच आढळला.

याचे निम्मे श्रेय स्लॅबला द्यावे लागेल. गर्डरच्या माथ्यावर चॅनेलचे (पन्हाळीच्या आकाराच्या पोलादी पट्टीचे) आखूड तुकडे वेल्ड करून त्यावर डेक शीट (नालीदार पोलादी पत्रा) आणि काँक्रीट टाकले आहे, त्यामुळे काँक्रीट नुसते ओझे न राहता गर्डरसोबत भार पेलते. हे तुकडे वगळून पैसे वाचवू पाहणाऱ्यांनी मग कॅस्टेलेटेडचा खटाटोपही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रार आहे ती फॅब्रिकेटरच्या कामाबद्दल. टेकूजवळ कातरबल (गर्डरला आडवे कापू पाहणारे बल) सर्वाधिक असते, म्हणून तिथली छिद्रे पट्टी लावून बंद करायची होती; नकाशात तसे दाखवलेले असूनही पहिल्या गर्डरांवर ती उघडीच होती आणि स्लॅबपूर्वी अभियंत्यांनी ती भरून घेतली नसती, तर दोष कायमचा झाकला गेला असता.

मजला प्रति चौरस मीटर ५०० किलो भारासाठी आखलेला आहे. ५० किलोचे पोते सुमारे अर्धा चौरस मीटर जागा घेते, म्हणून थप्पी चार पोत्यांचीच लावतो. हंगामात हमाल सहावे पोते चढवू पाहतात, तेव्हा त्यांना थांबवावे लागते, कारण तेथे भार ६०० किलोवर जातो. उन्हाळ्यात मजला रिकामा असताना चालणाऱ्याच्या पावलांचा हलका कंप जाणवतो. माल भरला की तो कळत नाही. विजेच्या नळ्या छिद्रांतून सरळ नेता आल्या, ही सोय मोठी, पण त्याच छिद्रांत चिमण्या काडीकचरा भरतात आणि कापलेल्या कडांवर गंज धरतो. या कडांना प्रायमर जमिनीवरच, गर्डर उचलण्याआधी लावून घ्यावा. शिडीवरून तिथे ब्रश नीट पोहोचत नाही.