मुरघास: खड्ड्यात की बॅगेत?

कोकणात पावसाळाभर गवताला तोटा नसतो. गुरांचे हाल होतात ते एप्रिल-मेमध्ये, उडवीतला कोरडा पेंढा तेवढा उरतो तेव्हा. भात निघाल्यावर पाण्याची सोय असलेल्या कुणग्यात (भातखाचरात) नोव्हेंबरअखेर मका पेरला आणि फेब्रुवारीत, दाणा चिकात असताना कापून मुरवला, तर एप्रिलमध्ये मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, हाताशी येतो.

खड्डा असो की बॅग, मुरवायची कृती एकच. अर्धा ते एक इंचाची कुट्टी करायची, दाबून हवा काढायची आणि सुमारे ४५ दिवस झाकून ठेवायची. हवा नसली की जिवाणू चाऱ्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, त्यावरच चारा टिकतो. हवा शिरली की बुरशी आलीच.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न खर्चाचा नाही, गुरं किती हा आहे. खड्ड्याचं तोंड उघडल्यावर रोज निदान ४ इंचांचा थर निघायला हवा. ४ बाय ४ फुटांच्या खड्ड्यात एवढा थर म्हणजे साधारण ८० किलो. दुभत्या गाईला दिवसाला १५ किलो धरले तर पाच-सहा गाई हव्यात. दोनच असतील तर रोज जेमतेम दीड इंच निघेल आणि उरलेला दमट हवेत खराब होईल. कोकण कपिला ही इथली देशी गाय तर लहान चणीची, तिला याहूनही कमी पुरतं. अशा घरी ५०-६० किलोच्या बॅगाच बऱ्या. एक उघडली की दोन दिवसांत संपते.

बॅगेला धोका उंदीर-घुशींचा. शिवाय कोपरे पायाने नीट दाबले नाहीत तर तिथेच पांढरी बुरशी धरते. तो भाग काढून टाकायचाच, गाभण गाईपुढे तर मुळीच नको.

खड्ड्याला मजुरी कमी लागते, भरणं झटपट होतं. पण इथला जांभा दगड पाणी पाझरतो. जूनआधी खड्डा रिकामा होणार नसेल तर त्या वाटेला जाऊच नये, जमिनीवर पक्की टाकी बांधावी. पावसाळ्यातही मुरघास पुरवायचा असेल आणि टाकी परवडत नसेल, तर बॅगा फळ्यांवर, छपराखाली ठेवाव्यात.

वाडीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक खड्डा केला तरी हिशोब बसतो. मात्र चारा सगळ्यांनी रोज एकाच वेळी काढायचा आणि लगेच ताडपत्री दाबून टाकायची, हे आधी ठरलेलं हवं.