फिओ के७: घरात बॅलन्स्ड हेडफोन ॲम्प्लिफायर निवडताना आणि वापरताना

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमचे घर तीन खोल्यांचे आहे. रात्री साडेनऊनंतर आई झोपते आणि शेजारच्या खोलीत मुलाचा अभ्यास सुरू असतो, त्यामुळे माझे गाणे ऐकणे अनेक वर्षांपासून हेडफोनवरच होते. सहा वर्षांपूर्वी घेतलेला सेनहायझरचा एचडी ६५० मी आधी लॅपटॉपला थेट जोडून ऐकत होतो. गेल्या दिवाळीत त्याच्यासाठी फिओ कंपनीचा के७ हा बॅलन्स्ड हेडफोन ॲम्प्लिफायर घेतला, जो मला वीस हजारांच्या आसपास पडला. आठ महिने रोज दीड-दोन तास वापरल्यावर हे लिहीत आहे. हे उपकरण चांगले आहे की नाही, एवढेच मला सांगायचे नाही. ‘बॅलन्स्ड’ या शब्दासाठी आपण जे पैसे मोजतो त्यांतून नेमके काय पदरात पडते, हे मला मुख्यतः सांगायचे आहे, कारण खरेदीपूर्वी मला हेच कोणी नीट सांगितले नव्हते.

आधी मुळातील गोष्ट पाहू. साध्या हेडफोन जॅकमध्ये तीन संपर्क असतात: डावा, उजवा आणि दोघांचा सामाईक परतीचा. बॅलन्स्ड जोडणीत ही सामाईक तार नसते. डाव्या कानाच्या दोन आणि उजव्या कानाच्या दोन अशा चार स्वतंत्र तारा ॲम्प्लिफायरपर्यंत जातात आणि हेडफोनमधील प्रत्येक बाजूच्या ध्वनी निर्माण करणाऱ्या पडद्याला दोन बाजूंनी, परस्परविरुद्ध दिशेने, दोन ॲम्प्लिफायर ढकलतात. एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी तेवढीच खाली येते, म्हणून पडद्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज दुप्पट होते. व्होल्टेज दुप्पट झाले की शक्ती चौपट होते, आणि जाहिरातींमधला ‘चौपट शक्ती’ हा दावा येथूनच येतो. दुसरा दावा डावे-उजवे एकमेकांत न मिसळण्याचा असतो, कारण सामाईक तारेच्या रोधामुळे एका कानाचा थोडा आवाज दुसऱ्या कानात उतरतो. हेही खरे आहे. मात्र एचडी ६५० च्या मूळ केबलमध्येही प्रत्येक कानाच्या दोन स्वतंत्र तारा थेट जॅकपर्यंत येतात आणि केवळ जॅकमध्ये एकत्र होतात. त्यामुळे सामाईक भाग उरतो तो फक्त जॅकच्या संपर्कापुरता.

येथे एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. नाट्यगृहात मायक्रोफोनपासून मिक्सरपर्यंत जी तीन पिनांची एक्सएलआर केबल टाकतात, तीही बॅलन्स्डच म्हणवली जाते. पण तिचा हेतू निराळा असतो. पन्नास-शंभर फुटांच्या त्या तारेत वाटेत शिरणारी विजेची घरघर दोन्ही तारांवर सारखीच येते आणि पलीकडच्या टोकाला वजाबाकी होऊन नाहीशी होते. हेडफोनच्या दीड-दोन मीटरच्या केबलमध्ये, ॲम्प्लिफायरच्या दणकट सिग्नलपुढे, अशी घरघर शिरण्याचा प्रश्न जवळजवळ नसतोच. बॅलन्स्ड हेडफोन जोडणीने घरातील गुणगुण जाईल या आशेने जो हे उपकरण घेईल, त्याची निराशा होईल.

माझ्याकडेही गुणगुण होतीच. मुलाचा डेस्कटॉप आणि के७ एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होते, आणि यूएसबी केबल जोडली की शांत आलापात मागे बारीक किरकिर ऐकू येई. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड सॉकेटमध्येही ती तेवढीच होती, कारण ती ॲम्प्लिफायरच्या आधीच्या टप्प्यातच आत येत होती. के७ मध्ये यूएसबीखेरीज ऑप्टिकल, कोॲक्सिअल आणि ॲनालॉग आरसीए अशी तीन प्रवेशद्वारे आहेत. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंध राहत नाही. डेस्कटॉपच्या मागील ऑप्टिकल सॉकेटातून जोडणी केली आणि किरकिर त्याच क्षणी थांबली. चांगले अर्थिंग असलेल्या घरात कदाचित ही वेळ येणार नाही, पण जुन्या वायरिंगच्या घरात राहणाऱ्याने ऑप्टिकल प्रवेश असलेलेच उपकरण पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता आकड्यांकडे वळतो, कारण निवड खरी तेथेच होते. एचडी ६५० चा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा त्याचा रोध, ३०० ओहम आहे आणि १ व्होल्ट दिल्यास तो १०३ डेसिबल आवाज देतो. घरात सरासरी ७५ डेसिबलवर ऐकले आणि तानेचे किंवा थापेचे क्षण त्याहून २० डेसिबल उंच धरले, तरी ९५ डेसिबलसाठी साधारण ०.४ व्होल्ट, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिवॅट पुरतो. कानठळ्या बसवणाऱ्या ११० डेसिबलसाठीही सव्वादोन व्होल्ट आणि सुमारे १७ मिलिवॅट लागतात. के७ आपल्या बॅलन्स्ड सॉकेटातून ३०० ओहमला ५६० मिलिवॅट देतो. म्हणजे हेडफोनला लागते त्याच्या तीसपटीहून अधिक शक्ती येथे पडून आहे. तीच गोष्ट ‘चौपट’ची. ३२ ओहमच्या हेडफोनला के७ साध्या ६.३५ मिलिमीटरच्या सॉकेटातून १२२० आणि बॅलन्स्डमधून २००० मिलिवॅट देतो. हे प्रमाण चारास एक नाही, पावणेदोनासही एक भरत नाही. कमी ओहमच्या हेडफोनला व्होल्टेजपेक्षा करंट अधिक लागतो आणि करंट दुप्पट करून देण्याची ताकद ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात असावी लागते. चौपटीचा हिशेब फक्त कागदावर, किंवा जास्त ओहमच्या हेडफोनवर, जुळत जातो.

खरोखर शक्ती मागणारे हेडफोन थोडे आहेत. हायफायमॅनचा जुना एचई-६ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ५० ओहम आणि १ मिलिवॅटला केवळ ८३.५ डेसिबल असल्यामुळे ११० डेसिबलला त्याला सुमारे ४५० मिलिवॅट लागतात. असा हेडफोन ज्याच्याकडे आहे त्याने बॅलन्स्ड ॲम्प्लिफायरचा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी आधी आपल्या हेडफोनची केबल पाहावी. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रो सारख्या हेडफोनची केबल एकाच कानाकडून जाते आणि ती काढता येत नाही. तो उघडून नव्याने वायरिंग केल्याशिवाय बॅलन्स्ड होत नाही. ॲम्प्लिफायर आधी आणून नंतर हे कळणे फार महागात पडते.

केबलवरून माझाच अनुभव सांगतो. के७ सोबत मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एचडी ६५० साठी चार पिनांच्या एक्सएलआरची केबल आणि तिला ४.४ व ६.३५ मिलिमीटरचे दोन ॲडॅप्टर मागवले. पहिल्याच रात्री आवाज विलक्षण रुंद वाटला. तंबोरे जणू खोलीच्या भिंतींपाशी वाजत होते, आणि बॅलन्स्डची कीर्ती ऐकली होती ती हीच, असे मी चार दिवस समजत होतो. पाचव्या रात्री शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचे जुन्या ७८ आरपीएम तबकडीवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण लावले. कोल्हापूरच्या माणसाला हे गाणे घरचे वाटते, कारण अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने याच शहरात राहिले आणि केसरबाई त्यांच्याच शिष्या. त्या काळच्या तबकड्या मोनो असतात. दोन्ही कानांत अगदी एकच आवाज जातो आणि म्हणून तो डोक्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहिला पाहिजे. तो मध्यभागी नव्हताच. केसरबाईंचा तो भरदार स्वर दोन्ही कानांच्या बाहेर पसरून ठिकाण हरवल्यासारखा झाला होता.

मूळ केबल लावली, स्वर जागेवर आला. मग मल्टिमीटर घेऊन नव्या केबलचे एकेक टोक तपासले. चार पिनांच्या एक्सएलआरमध्ये १ वर डाव्याचा अधिक, २ वर डाव्याचा उणे, ३ वर उजव्याचा अधिक आणि ४ वर उजव्याचा उणे असा क्रम असतो. एचडी ६५० च्या कानाकडील जोडात एक पिन जाड व एक बारीक असते, त्यामुळे ती उलटी घालताच येत नाही. दोष आतल्या सोल्डरिंगमध्येच होता. उजव्या बाजूची जोडी उलटी जोडलेली होती, म्हणजे डावा पडदा पुढे येत असताना उजवा मागे जात होता. विक्रेत्याने केबल परत घेण्यास नकार दिला. मंगळवार पेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्कर काका आहेत. त्यांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, हिकडची जोडी उलटी बसलीया.” दहा मिनिटांत त्यांनी ३ आणि ४ च्या तारा अदलाबदल करून दिल्या. त्या रात्री केसरबाई मध्यभागी आल्या. त्याच वेळी चार दिवस कौतुक केलेली ती रुंदीही गेली. नवी केबल आणली की पहिले गाणे मोनो लावावे, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

याच मोनो तबकड्यांमुळे मला पुढची परीक्षाही सुचली. दोन्ही कानांत एकच आवाज असेल तर डावे-उजवे मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही बॅलन्स्ड सॉकेट अधिक चांगले वाटत असेल, तर कारण दुसरे असले पाहिजे. नॉब एकाच जागी ठेवून मी दहा वेळा सॉकेट बदलून ऐकले आणि दहाही वेळा बॅलन्स्डच अधिक जिवंत वाटले. मात्र त्या जागी बॅलन्स्डचा आवाज मुळातच मोठा होता, सुमारे ६ डेसिबलने. आवाज समान करण्यासाठी ५० हर्ट्झचा एकसुरी टोन लावला, मल्टिमीटरच्या सुया ॲडॅप्टरच्या टोकांना लावल्या आणि दोन्ही सॉकेटांवर अर्धा व्होल्ट येईल अशा जागा नॉबमागे चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने आखल्या. साध्या मल्टिमीटरसाठी ५० हर्ट्झच निवडावा, कारण घरच्या विजेची ही वारंवारता तो अचूक मोजतो.

त्यानंतर पत्नीने सॉकेट बदलायचे आणि मी पाठमोरा बसून ओळखायचे, असे दोन संध्याकाळी केले. कोणते सॉकेट आहे हे प्लगच्या आवाजावरून कळू नये म्हणून ती दर वेळी दोन्ही सॉकेटांत प्लग घालून काढत असे. मी मध्येच काही विचारू लागलो की म्हणे, “अहो, कुठला लावलाय ते विचारू नका, नुसतं ऐका.” मोनो तबकडीवर वीस फेऱ्यांत माझी अकरा उत्तरे बरोबर आली. अलीकडच्या एका स्टिरिओ ध्वनिमुद्रणावर, ज्यात तबला स्पष्टपणे उजवीकडे आहे, वीसपैकी बारा आली. नाणेफेक केली असती तरी साधारण हेच झाले असते. सॉकेट बदलण्यात पंधरा-वीस सेकंद जात होती आणि कानाची स्मृती तेवढा वेळ धड टिकत नाही, हे मला मान्य आहे. पण जो फरक पंधरा सेकंदांत विरून जातो, त्यासाठी हेडफोनच्या किमतीइतकी केबल कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग के७ घेतल्याचा पश्चात्ताप होतो का? मुळीच नाही. लॅपटॉपच्या जॅकमधून येणारी पार्श्वभूमीची सळसळ येथे नाही. २०२२ मध्ये आलेल्या या उपकरणात दोन एकेएम एके४४९३एसईक्यू डॅक (डिजिटल सिग्नलचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणाऱ्या चिप) आणि टीएचएक्सचे दोन ॲम्प्लिफायर आहेत, आणि एचडी ६५० वर सर्वांत शांत आलापात दोन स्वरांमधली जागा खरोखर रिकामी ऐकू येते. मंद्रातला षड्ज लावताना गायकाचा श्वास आधी ऐकू येतो आणि मग स्वर. ही शांतता साध्या सॉकेटातही तेवढीच आहे. उपकरणाचा गुण म्हणून मी तिचे श्रेय पूर्ण देईन, बॅलन्स्डपणाला देणार नाही. गेन, म्हणजे ॲम्प्लिफायर सिग्नल किती पटीने वाढवतो ते प्रमाण, कमी-जास्त करण्याची सोय पुढेच असल्यामुळे हात मागे घालावा लागत नाही. १२ व्होल्टचा स्वतंत्र ॲडॅप्टर लागतो, तेव्हा बोर्डवर एक जागा राखून ठेवावी. चार पिनांचे एक्सएलआर सॉकेट मात्र यात नाही, बॅलन्स्डसाठी ४.४ मिलिमीटरचेच आहे. ज्याच्याकडे एक्सएलआरची केबल आहे त्याला ॲडॅप्टर घ्यावाच लागेल.

वापरताना दोन गोष्टींत हयगय करू नये. बॅलन्स्ड सॉकेटातून ॲडॅप्टर लावून साधा तीन संपर्कांचा जॅक कधीही जोडू नये, कारण त्यात डाव्या आणि उजव्या ॲम्प्लिफायरच्या उणे बाजू एकमेकींना थेट जोडल्या जाऊन शॉर्ट होतात आणि आतील भाग जळू शकतात. उलट दिशेने, म्हणजे चार तारांची केबल ॲडॅप्टरने ६.३५ च्या सॉकेटात, चालते. दुसरी गोष्ट आवाजाची. ५६० मिलिवॅट म्हणजे ३०० ओहमवर जवळपास १३ व्होल्ट, आणि तेवढ्यावर एचडी ६५० सव्वाशे डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. हेडफोन कानाला लावण्याआधी नॉब पूर्ण खाली आणि गेन कमीवर आहे हे पाहण्याची सवय घरातल्या मुलांनाही लावावी. कानात घालायचे संवेदनशील इअरफोन असतील तर ते साध्या सॉकेटातच, कमी गेनवर लावावेत. त्यांना या शक्तीची गरज नाही, आणि बॅलन्स्ड बाजूची बारीक सळसळ त्यांच्यात ऐकू येण्याची शक्यता अधिक असते.

ज्याचा हेडफोन २५० ते ३०० ओहमचा आहे, ज्याची केबल दोन्ही कानांकडून निघते आणि ज्याला डॅकसह एकच नीटनेटके उपकरण हवे आहे, त्याने के७ निःशंकपणे घ्यावा आणि सुरुवातीचे काही महिने मूळ केबलवरच ऐकावे. माझा के७ सध्या ४.४ च्या सॉकेटावर, कमी गेनवर चालतो. जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणे मंद असतात आणि तेथे बॅलन्स्डचे जास्तीचे ६ डेसिबल सोयीचे पडतात. गेनला हात न लावता नॉब अर्ध्यावर आणला की काम होते. नवे स्टिरिओ ध्वनिमुद्रण लावायचे असेल तेव्हा तोच नॉब पाव फेरीने मागे घेतो.