ओआरएसची एक लिटरची साधी पुडी : औषध अव्वल, माप मात्र घरावर सोडलेलं

आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळणारी पुडी. आत २०.५ ग्रॅम भुकटी : ग्लुकोज १३.५, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. पाचपैकी साडेचार तारे. जुलाबावर मेडिकलमध्ये याहून मोलाची वस्तू मिळत नाही.

गुण कळायला आतड्याची पेशी पाहावी लागते. तिला दोन बाजू : एक अन्नाकडची, दुसरी रक्ताकडची. अन्नाकडे एसजीएलटी-१ हे वाहक प्रथिन असतं. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज सोबतच आत घेतं. रक्ताकडे सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो. या ओढीनं पाणी मागोमाग शरीरात जातं. नुसत्या मिठाच्या किंवा नुसत्या साखरेच्या पाण्यानं हे साधत नाही.

पण ही प्रथिनं आपापल्या बाजूला पोचतात कशी? दोन्ही पेशीच्या आतच बनतात आणि गॉल्जीतून (पेशीतल्या माल वाटणाऱ्या भागातून) पिटिकांत, म्हणजे बारीक पिशव्यांत, भरून निघतात. रक्ताकडे जाणाऱ्या बऱ्याच प्रथिनांच्या शेपटात टायरोसिन किंवा जोड-ल्युसिन या अमिनो आम्लांचा छोटा पत्ता असतो. एपी-१ हे माल निवडणारं प्रथिन तो वाचून माल त्या बाजूला लावतं. अन्नाकडचा माल पोचवायला रॅब-११ आणि मायोसिन-५बी ही वाहतुकीची प्रथिनं लागतात. पोचलेलं प्रथिन पलीकडे सरकू नये म्हणून शेजारच्या पेशींमधले घट्ट सांधे बांधासारखे आडवे असतात. मायोसिन-५बीचं जनुक बिघडलेल्या बाळांत अन्नाकडचा माल पेशीतच अडकतो. त्यांचे जुलाब ओआरएसनं आटोक्यात येत नाहीत. एसजीएलटी-१ जन्मतः सदोष असेल तर ग्लुकोजनं जुलाब उलट वाढतात. हे आजार फार दुर्मीळ. कॉलऱ्याचं विष मात्र क्लोराइडचं दार उघडं ठेवतं, एसजीएलटी-१ला धक्का लावत नाही, म्हणून तिथंही पुडी लागू पडते.

अर्धा तारा कापला तो मापासाठी. पुडी एक लिटरची, आणि घरोघरी गडवा वेगळा. २०० मिलीच्या ग्लासात पूर्ण पुडी टाकली की लिटरमागे २४५ मिलीऑस्मोलचं (विरघळलेल्या कणांचं माप) द्रावण १,२०० च्या वर जातं. ते आतड्यात पाणी ओढतं, जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं. पाण्याची रिकामी लिटरची बाटली धुऊन मापाला ठेवा. पाणी उकळून थंड करा, मग पुडी घाला; घातल्यावर उकळू नका. वरून साखर-मीठ नको. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुळीच वापरू नका, आधीच खारं असतं आणि उकळून खारेपणा जात नाही. नळयोजनेचं गोडं पाणी घ्या. द्रावण २४ तासांनी फेका. पुडी ओलसर होऊन रंग बदललेली असेल तर तीही.

दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २००, चमच्यानं किंवा घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळू द्या. सोबत जस्ताची गोळी १४ दिवस : सहा महिन्यांवर २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. अंगावरचं दूध बंद करू नका. लेकरू सुस्त पडलं, पिईना, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर पुडीच्या भरवशावर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

खोक्यातल्या फळांच्या चवीच्या गोड पेयांशी हिची बरोबरी नाही. सूत्राबाहेरच्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते फार बरं झालं. मेडिकलमधून विकत घेताना पुडीवर लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलीमोल, एकूण २४५ मिलीऑस्मोल हे आकडे वाचूनच पैसे द्या.